हौशी बिनतारी आणि इंटरनेटचा पूल



आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने बिनतारी यंत्रांवर व्याख्यान द्यावे, हे आपल्यापैकी अनेकांना विचित्र वाटले असेल. निमंत्रण आले तेव्हा मलाही ते तसेच वाटले होते. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी बोलायचे तर बिनतारीचा विषय टाळता येत नाही. यंदा तर आणखी एक निमित्त घडले आहे. माजी विद्यार्थ्यांनी जमविलेल्या निधीतून शाळेत एक हौशी बिनतारी केंद्र उभारावे व ते इंटरनेटने जगातील इतर केंद्रांशी जोडावे, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. त्यावरून दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, आता खांब कशाला आणि एरियल कशाला? मोबाइलवर अ‍ॅप घेतले की काम झाले. दुसरा म्हणतो, मध्ये इंटरनेट आले की ते बिनतारी उरलेच कुठे? मी यंत्रज्ञ नाही. तथापि माझा एक माजी विद्यार्थी नागपुरास परवानाधारक हौशी बिनतारीवाला आहे. गेले वर्षभर त्याच्या शेजारी बसून जे समजून घेतले, ते आपणापुढे ठेवतो. शेवटी माझे मतही सांगेन. ते दोन्ही तटांना पुरते रुचणार नाही.

प्रथम गुरुजी. १९६३-६४ च्या सुमारास आम्ही सौंसरची मुले त्यांच्या घराच्या गच्चीवर जमत असू. दोन बांबूंच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार आणि तिच्याखाली गुरुजींनी स्वतः जुळविलेला रेडिओ. त्या काळी नुसता रेडिओ ऐकण्यासाठीही टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. रात्री छोट्या लाइनची गाडी रामाकोन्याकडे निघून गेली आणि गाव निवांत झाले, की गुरुजी काटा सावकाश फिरवू लागत. सिलोन लागे, मॉस्को लागे, आणि मधूनच टिकटिक लागे. ‘ऐका, तिथे माणूस बोलतो आहे,’ असे ते म्हणत. ती मोर्सची टिकटिक आम्हाला किड्यांच्या किरकिरीसारखी वाटे. ऐकलेल्या प्रत्येक केंद्राची नोंद ते एका वहीत करीत आणि त्या केंद्राला पत्र पाठवीत. ‘तुमचे प्रक्षेपण अमुक वेळी, अमुक स्पष्टतेने येथे ऐकू आले,’ असे कळविले म्हणजे पोचपावतीचे छापील कार्ड येते. त्याला बिनतारीच्या जगात क्यूएसएल कार्ड म्हणतात. परदेशी तिकिटाचे कार्ड घेऊन पोस्टमन शाळेच्या फाटकाशी आला की आमचा एक तास बुडालाच म्हणून समजावे.

पण गुरुजींना बोलता कधी आले नाही. प्रक्षेपणाचा परवाना परीक्षेवाचून मिळत नसे, आणि परीक्षेची सारी तयारी करूनही घरच्या अडचणींमुळे तिला बसण्याचा योग त्यांना आला नाही. ते जन्मभर श्रोतेच राहिले.

आता शब्दाकडे वळतो, कारण तो माझा प्रांत आहे. इंग्रजीतील ‘अ‍ॅमॅच्युअर’ हा शब्द लॅटिनमधील ‘प्रेम करणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. मराठीने त्यासाठी ‘हौशी’ हा शब्द योजला, आणि माझ्या मते तो मुळाहून सरस आहे. हौस भागवायची असते. तिच्यासाठी पदरमोड होते. तिला मोल नसते. कायद्याची अटही नेमकी हीच आहे. हौशी बिनतारीवरून व्यापार करता येत नाही, गाणी वाजविता येत नाहीत, सांकेतिक भाषेत गुपिते पाठविता येत नाहीत. मोकळ्या भाषेत, कोणीही ऐकावे अशा रीतीने बोलायचे. या मंडळींना ‘हॅम’ म्हणतात. त्या तीन अक्षरांचा तीन माणसांच्या नावांशी संबंध जोडणारी एक गोष्ट सांगितली जाते, ती खरी मानण्याचे कारण नाही. तारखात्यातील कसबी लोक अडाणी तारवाल्याला हिणवून हॅम म्हणत. हौशी लोकांनी ती शिवी बिरुदासारखी मिरविली. असो.

भारतात हा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. अमरेंद्रचंद्र गुप्तू हे १९२१ साली आपल्याकडील पहिले हौशी परवानाधारक झाले. त्यांचे संकेतनाम ‘टू-जे-के’. प्रत्येक परवानाधारकाला असे संकेतनाम मिळते आणि ते जगात एकाचेच असते. भारतीय संकेतनामे बहुधा ‘व्ही-यू’ या अक्षरांनी सुरू होतात. राजीव गांधींचे ‘व्ही-यू-टू-आर-जी’ हे संकेतनाम पुष्कळांना ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धात सरकारने हौशी केंद्रे बंद केली. त्याच काळात, १९४२ च्या ऑगस्टात, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालविला. ते हौशी केंद्र नव्हते, पण त्यांना यंत्राची विद्या पुरविणाऱ्यांत नरिमन प्रिंटर हे बिनतारीचे जाणकार होते.

आता मूळ प्रश्न. बिनतारी यंत्रे इंटरनेटने जोडायची म्हणजे काय, आणि जोडावीच का लागतात?

लहरींच्या दोन स्वभावांत याचे उत्तर आहे. दीर्घ पल्ल्याच्या लघुलहरी, म्हणजे चाळीस किंवा वीस मीटर पट्ट्यांतील लहरी, वर जातात आणि वातावरणातील आयनांबरावरून परतून शेकडो-हजारो किलोमीटरांवर उतरतात. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनीने अटलांटिकपार संकेत ऐकल्याचे जाहीर केले, तेव्हा पृथ्वीच्या बाकाला वळसा घालून लहर गेली कशी याचे कोडे होते. १९२४ च्या सुमारास अ‍ॅपलटनने आयनांबराचे अस्तित्व प्रयोगाने दाखविले. गुरुजींना रात्री मॉस्को लागे ते या छपरामुळे. पण हे छप्पर लहरी आहे. ते सूर्याच्या मर्जीने वरखाली होते. आज लागलेले केंद्र उद्या लागेलच असे नाही.

दुसऱ्या लहरी अतिलघु, दोन मीटर पट्ट्यातील. आपल्याकडे हौशींना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा दिलेला आहे. हातात मावणारी छोटी यंत्रे याच पट्ट्यावर चालतात. आवाज स्वच्छ, एरियल हातभर, बॅटरी लहान. मात्र या लहरी छपरावरून सहसा परतत नाहीत. जवळजवळ नजरेच्या रेषेतच धावतात. एरियलच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे सपाट भूमीवर तिचा क्षितिजापर्यंतचा पल्ला किलोमीटरांत मिळतो. दोन्ही टोकांचे पल्ले मिळवावे. हे गणित मी आपल्याच गावांवर करून पाहिले. सौंसर व पांढुर्णा यांमधील सरळ अंतर तीस किलोमीटरांच्या थोडे आत आहे. रस्त्याने ते अधिक. दोन्हीकडे नऊ-नऊ मीटरांचे खांब उभारले तर पल्ला २५ किलोमीटर. म्हणजे थोडक्यात हुकले! सोळा-सोळा मीटरांचे उभारले तर ३३, म्हणजे जमले. पण हे कागदावर. मध्ये सातपुड्याच्या पायथ्याचे उंचवटे आहेत, त्यांना गणित ठाऊक नाही. आणि नुसती हातातली यंत्रे घेऊन दोघे जमिनीवर उभे राहिले, तर दहा किलोमीटरांपलीकडे आशा धरू नये. आडवळणाच्या खेड्यातील माणसाला आपला आवाज सौंसरला पोचविणेही कठीण. नागपूर तर सरळ रेषेतही साठ किलोमीटरांहून दूर.

यावर जुना उपाय रिपीटर, म्हणजे पुनःप्रक्षेपक. उंच टेकडीवर एक यंत्र ठेवायचे. ते एका लहरीवर ऐकते आणि तेच शब्द त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर पुन्हा बोलते. पण एका टेकडीलाही मर्यादा असते. मग कोणाच्या तरी मनात आले की दोन दूरच्या टेकड्यांच्या मध्ये इंटरनेटचा पूल का टाकू नये? कॅनडातील व्हँकुव्हरच्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये ‘आयआरएलपी’ नावाची अशी जोडणी सुरू केली. २००२ मध्ये अमेरिकेतील जोनाथन टेलर यांनी ‘एकोलिंक’ ही संगणकप्रणाली काढली आणि ती जगभर पसरली. या दोहोंत एक तात्त्विक भेद आहे. आयआरएलपीच्या पुलावर पाऊल टाकायचे तर ते बिनतारी यंत्रातूनच टाकावे लागते. एकोलिंकमध्ये घरी संगणकासमोर, किंवा आता मोबाइलवर, बसलेला परवानाधारकही पुलावर येऊ शकतो. आपल्याकडचे दोन तट तिथेही पडले होते, एवढेच यावरून समजावे.

पुलाचे काम असे चालते. समजा, लोधीखेड्याच्या शेतात उभा असलेला परवानाधारक हातातल्या यंत्राची कळ दाबून बोलतो. त्याची लहर शाळेवरील एरियलला पोचते. तेथील यंत्राला संगणक जोडलेला आहे. संगणक त्या आवाजाचे सेकंदाला आठ हजार नमुने घेतो, म्हणजे आवाजाच्या वळणाची तितक्या वेळा उंची मोजतो आणि आकडे मांडतो. साध्या टेलिफोनच्या रीतीने हे आकडे जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला ६४ हजार बिट लागतात. एकोलिंक मोबाइल फोनसाठी निघालेली एक युक्ती वापरून ते सुमारे १३ हजारांवर आणते, जवळजवळ पंचमांश. मग त्यांची लहानलहान पुडकी बांधून ती इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे धाडली जातात. तो पुडकी सोडतो, आकड्यांचा पुन्हा आवाज करतो आणि आपल्या प्रक्षेपकाला देतो. तिथल्या गावात कोणी हातातले यंत्र लावून बसला असेल, तर लोधीखेड्याचा आवाज त्याच्या कानी पडतो. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांच्या हाती बिनतारी यंत्रच असते. इंटरनेट फक्त मधला रस्ता.

आणि कोणत्या गावी जायचे हे त्या शेतातूनच ठरविता येते. प्रत्येक जोडकेंद्राला एक क्रमांक असतो. यंत्रावरील अंकांची बटणे दाबली की दूरध्वनीसारखे सूर निघतात. एका बटणाला दोन सूर. एक हा अंक दाबला तर ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे सूर एकदम उमटतात. शाळेतला संगणक ते ओळखतो आणि तो क्रमांक जोडतो. आयआरएलपीवर निरोप घेताना ७३ हे अंक दाबतात. जुन्या तारवाल्यांच्या बोलीत ७३ म्हणजे ‘स्नेहपूर्वक नमस्कार’. तारखात्यातला नमस्कार इंटरनेटचे दार लावण्याच्या कामी आला! भारतातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, हा नमस्कार मात्र चालू आहे.

एकोलिंकवर ९९९९ क्रमांकाचे एक चाचणीकेंद्र आहे. आपण बोलावे आणि ते आपलाच आवाज परत ऐकवते. माझ्याकडे परवाना नाही, म्हणून मी स्वतः बोललो नाही. माझ्या विद्यार्थ्याला मी एक वाक्य लिहून दिले: ‘जाम नदीला पूर आहे, पूल ओलांडू नका.’ त्याने कळ दाबली, वाक्य वाचले आणि घाईने कळ सोडली. क्षणभराने यंत्रातून आले: ‘नदीला पूर आहे, पूल ओलांडू...’

आम्ही दोघेही हसलो, आणि मग माझे हसू मावळले.

का ते सांगतो, कारण माझ्या मते आजच्या साऱ्या विषयात हीच गोष्ट आपल्याला विशेष कामाची आहे. जोडणीत प्रत्येक यंत्राला जागे व्हायला थोडा वेळ लागतो. कळ दाबताक्षणी बोलले तर पहिला शब्द पुलावर चढण्याआधीच गळतो. तसा ‘जाम’ गळला. शेवटच्या अक्षराबरोबर कळ सोडली की शेवटचा शब्द तुटतो. इंग्रजीत निषेध वाक्याच्या आरंभीच्या भागात येतो. हिंदीतही बहुधा ‘मत’ किंवा ‘न’ क्रियापदाआधी येतो. मराठीत तो अगदी शेपटाला येतो: ओलांडू नका, पाणी पिण्याजोगे नाही, डॉक्टर आलेले नाहीत. शेपूट तुटले की आज्ञा उलटी होते. चाळीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की मराठी वाक्याचे सारे बळ त्याच्या अंती असते; ते बळ किती धोक्याचे ठरू शकते, हे त्या दिवशी कळले. म्हणून मराठीतून बिनतारीवर बोलणाऱ्याने कळ दाबून एक श्वास थांबावे, निषेध आधी आणावा (‘थांबा, पूल बंद आहे’), महत्त्वाचा शब्द दोनदा उच्चारावा, आणि बोलणे संपल्यावर आणखी एक श्वास थांबून कळ सोडावी. दोन वक्त्यांमध्येही दोन-तीन सेकंदांची पोकळी ठेवण्याचा शिष्टाचार आहे, म्हणजे दूरच्या कोणाला तातडीने काही सांगायचे असेल तर त्याला शिरकाव मिळतो. आपल्या भागात अशी पोकळी ठेवणे स्वभावाला जड जाईल, हे मान्य!

आपल्या सीमेवरच्या माणसाला या पुलाचे आणखी एक आकर्षण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा व सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, शाळेत मुलांची ओढ तिसरीकडेच. अशा गावातल्या मुलाला संध्याकाळी पुण्याच्या किंवा परदेशी गेलेल्या एखाद्या मराठी हौशीशी मराठीतून बोलता आले, तर ते मला परिसंवादातील दहा ठरावांहून मोलाचे वाटेल.

पण आता पुलाची दुसरी बाजू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणेशविसर्जन आटोपून माणसे झोपली होती आणि किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. सार्वजनिक इंटरनेट आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ ला आले. तेव्हा ते नव्हतेच. हौशी बिनतारीवाले आपली यंत्रे व बॅटऱ्या घेऊन मदतीला गेले. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपातही ते गेले. तिसरे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद या हौशी बिनतारीवालीला आणि तिच्या सहकाऱ्यांना अंदमानातून प्रक्षेपण करण्याची परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती. हेतू छंदाचाच होता; त्या दुर्मीळ बेटांशी संपर्क साधावा म्हणून जगभरचे हौशी कान लावून बसले होते. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, त्सुनामी आली, बेटांचे दूरध्वनी कोलमडले. त्याच यंत्रांवरून, त्याच आयनांबराच्या छपरावरून, पोर्ट ब्लेअरचे निरोप मुख्य भूमीवर येऊ लागले. कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता नाही. तिथे पूल इंटरनेटचा असता, तर पहिल्या तडाख्यातच खांबासकट गेला असता.

म्हणून पहिल्या तटाला मी सांगेन: नुसते अ‍ॅप पुरेसे नाही. शिवाय ते परवान्यावाचून चालतही नाही. एकोलिंकवर नाव नोंदविताना परवान्याचा पुरावा द्यावा लागतो. इंटरनेट बंद पडले की अ‍ॅप मुके होते. खांब असलेल्या केंद्राचा फक्त पूल तुटतो. लोधीखेडा, रामाकोना, मोहगाव त्याच्याशी बोलत राहतात. गोटमारीच्या दिवशी पांढुर्ण्यात जी गर्दी उसळते आणि जखमींची जी ने-आण चालते, तिथे असे चार परवानाधारक उभे असले तर काय होईल, याचा विचार कार्यकारिणीने जरूर करावा. आणि दुसऱ्या तटाला सांगेन की इंटरनेटचा इतका विटाळ मानू नये. वर्षातले तीनशे साठ दिवस भूकंप होत नाही. त्या दिवसांत मुलांना यंत्रापाशी बसवील ते दूरदेशीचे बोलणेच. बसण्याची सवय असेल तरच उरलेल्या पाच दिवशी यंत्र चालविता येईल.

माझा क्रम असा. आधी खांब, एरियल आणि बॅटरी. मग पांढुर्ण्याला दुसरा खांब, आणि मधल्या उंचवट्यांवर उभे राहून प्रत्यक्ष चाचणी. पुलाचा संगणक सर्वांत शेवटी, तोही परवाना देणाऱ्या खात्याचे त्या वेळचे नियम लेखी पाहून. मात्र या सर्वांच्याही आधी परवाना हवा. १९७८ च्या नियमांनी वयाची अट बारा वर्षांची ठेवली होती. तो नियम आमच्या काळी असता, तर गच्चीवर बसणाऱ्या आमच्या टोळीतले बहुतेक पात्र ठरले असते. परीक्षेत विजेचे व लहरींचे प्राथमिक ज्ञान आणि नियम विचारतात.

नववीच्या पाच मुलांनी व दोन मुलींनी मुख्याध्यापकांकडे नावे दिली आहेत. त्यांच्यासाठी मराठीतून टिपणे करण्याचे काम मी अंगावर घेतले आहे. पहिल्याच पानावर अडलो. यंत्राचा धातूचा भाग जमिनीत पुरलेल्या सळईशी जोडतात, त्याला परिभाषाकोशाच्या वळणाने ‘भूसंपर्कन’ लिहिले आणि गावातल्या वायरमनला वाचून दाखविले. तो म्हणाला, ‘सर, अर्थिंग म्हणा ना.’ टिपणात अर्थिंगच ठेवले आहे.